भय्यासाहेबांचा डावा खांदा

तर भय्यासाहेबांनी पडद्याआड जाऊन कुर्ता उतरवला आणि नीलकंठला म्हणाले, "बघ बाबा, हे असं आहे. आता तूच मला सरळ कर." काल इथपर्यंत लिहिलं होतं आणि तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली.

ज्यांनी काल वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. नीलकंठ हिरुळकर म्हणजे आमच्या जबलपुरात सराफ्याच्या आतल्या गल्लीत बसणारा दर्जी. दोन्ही बाजूंना सोनारांची ठकठक, मधे याचं मशीन. आज वय शहात्तर. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवतो, आणि ओवला की हळूच आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं का म्हणून. मी न चुकता पाहतो. दोस्ताला एवढं तर करावंच लागतं.

भय्यासाहेब तेव्हा पहिल्यांदाच आमदारकीला उभे होते. कुंडमच्या बाजारात विरोधी उमेदवार भाषणात बोलून गेला, "जिसका कंधा ही टेढ़ा है, वो इलाके का बोझ क्या उठाएगा?" लोक पोट धरून हसले. आणि भय्यासाहेबांचा डावा खांदा खरंच दोन बोटं खाली होता. ते नीलकंठला म्हणाले, "लाठीमारात मोडला असता तर मिरवला असता रे. लहानपणी जांभळाच्या झाडावरून पडलो, हाड वाकडं बसलं. हे काय सभेत सांगू?"

नीलकंठनं दोन दिवस विचार केला. मग जुन्या धोतराची चार पदरी घडी करून तिची गादी डाव्या खांद्यात आतून शिवली, अशी की वरून हात फिरवला तरी कळू नये. पुढच्या सभेत दोन्ही खांदे एका रेषेत. लोक उलट त्या विरोधकालाच खोटारडा म्हणायला लागले, आणि भय्यासाहेब निवडून आले.

कुर्ता घेऊन जाताना ते म्हणाले होते, "हे तुझ्या-माझ्यात राहू दे, नीलकंठ."

"तुमच्या, माझ्या आणि सुईच्यात," नीलकंठ म्हणाला.

दोन्ही वेळा मी पडद्याच्या अल्याड माझ्या पायजम्याची वाट पाहत बसलो होतो. दोघांच्याही ध्यानात नव्हतं. मीही तोंड उघडलं नाही. आज काहून लिहून राहिलो, ते पुढं येईलच.

एकतीस वर्षं नीलकंठनं त्यांचे कुर्ते शिवले. प्रत्येकात ती गादी. भय्यासाहेब गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण खाकी कागदाचा त्यांच्या मापाचा फर्मा दुकानात खिळ्याला लटकलेलाच होता. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यावर सिनेमा काढायला मुंबईची मंडळी आली. गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा कॅमेऱ्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या.

कपड्यांचं बघणारी ऋचा नावाची मुलगी शोधत शोधत दुकानात आली. म्हणाली, "मास्टरजी, हीरो की छाती, लंबाई सब भैय्यासाहेब जैसी है. बस, हूबहू वही कुर्ता चाहिए. एक बना दीजिए. जँच गया तो ग्यारह और."

आता नीलकंठचा नियम आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय तो कात्री उचलत नाही. खुद्द माझ्या लग्नाच्या कोटासाठी यानं मला तापात उठवून उभं केलं होतं. पण त्या दिवशी खिळ्यावरचा फर्मा काढला, गोंजारला, आणि सरळ कापायला बसला. तीन दिवस गुणगुणत काम चाललं होतं.

चौथ्या दिवशी मला म्हणाला, "चल, आपला कुर्ता सिनेमात कसा दिसते ते पाहू." एका शाळेचं पटांगण घेऊन तिथं जुन्या काळातली सभा उभारली होती. श्रोते म्हणून गावातलीच म्हातारी माणसं बसवलेली, त्यातली कितीतरी भय्यासाहेबांच्या खऱ्या सभांनाही गेलेली. भय्यासाहेबांची मुलगी क्षमा पुढं खुर्चीवर बसली होती. केतन नावाचा नट कुर्ता घालून बाहेर आला.

डावीकडं कुर्ता दोन बोटं वर उचललेला. गळ्यापाशी चुण्या.

नीलकंठच्या हातातला चहाचा कप थांबला. माझ्याही ध्यानात आलं. त्यानं सवयीनं गादी घातली होती, आणि या पोराचे खांदे तर सरळ.

ऋचा म्हणाली, "मास्टरजी, ये क्या सिल दिया? चश्मे का नंबर कब बदला था?" शूटिंगची सगळी पोरं हसली. डायरेक्टर अनुपम घड्याळ बघत म्हणाला, "ओमती में कोई दूसरा टेलर देखो, जल्दी."

ओमतीच्या बाजारातल्या दर्ज्याकडं काम जाणार म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी लागलो, "अरे, सांगून टाक ना. त्यांच्या खांद्यासाठी शिवला म्हण. नाहीतर बावन्न वर्षांचं नाव आज इथं जाते."

नीलकंठनं माझ्याकडं वळून पाहिलं. मी तेव्हा पडद्याअल्याड होतो हे त्याला आता पक्कं कळलं. म्हणाला, "तुझा पायजमा, नाही का? मला वाटलंच होतं." आणि वर, "नाव गेलं तर माझं जाईल. चूप राह्य."

मग कप माझ्या हातात दिला आणि हळूहळू चालत केतनजवळ गेला. "भैया, कपड़े को ज़रा बैठने दो," असं म्हणून त्याचा डावा खांदा दोन बोटांनी खाली दाबला. फक्त दाबला. "अब ऐसे ही रहिए. हाँ."

कुर्ता सरळ झाला. चुण्या गेल्या. केतनची मान आपोआप उजवीकडं कलली, डावा हात मांडीशी जरा खाली आला. तो पोरगा मंचावर चार पावलं चालला आणि मी देवाशपथ सांगतो, भय्यासाहेब चालत होते. बसलेले म्हातारे एकेक करत उठून उभे राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा तर बंदच होता.

अनुपम म्हणाला, "ये क्या हुआ?"

उत्तर क्षमाबाईंनी दिलं. उठून पुढं आल्या, डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत. "बाबा घरी बंडीवर असले की असेच उभे राहायचे. डावा खांदा पडलेला होता त्यांचा. बाहेर कधी दिसू दिला नाही. कसा दिसू दिला नाही, ते मला आज कळलं." मग अनुपमला सगळं हिंदीतून सांगितलं आणि म्हणाल्या, "ये बात अब छुपाइए मत. फ़िल्म में ऐसे ही खड़ा कीजिए." चारशे माणसांसमोर घरच्यांनीच सांगितलं, म्हणून आता मलाही लिहायला मोकळीक.

अनुपमनं नीलकंठला हात जोडले. "मास्टरजी, ग्यारह और. बिलकुल ऐसे ही." ऋचा खाली बघत होती. नीलकंठ तिला म्हणाला, "बेटा, चश्मे का नंबर पिछले महीने ही बदला है." तीच पहिली हसली.

क्षमाबाईंनी मात्र त्याला सोडलं नाही. "काका, एवढे लोक तुम्हाला हसत होते. एका वाक्यात सुटले असते. बोलले काहून नाही?"

नीलकंठ केतनच्या बाहीची शिवण बोटानं चाचपत होता. तिथूनच म्हणाला:

"क्षमाबाई, शिलाई माझी होती, खांदा त्यांचा होता. शिलाईचं काही विचारा, सांगतो. आणि या भैयाला कुर्ता काढायला सांगा, बाहीची एक टीप राहून गेली आहे."