मामांची बोहनी

"गाडी कितीची?"

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा आधी हे विचारायचे. पुस्तकाचं नाव नंतर. पोरगी म्हणायची, "सव्वाचारची, किनगावची." की मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि रांगेतल्या चौघांना बाजूला सारून तिला पुढे घ्यायचे. बाजूला सारलेल्यांपैकी कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "तुझी साडेपाचची हाय ना? मग सावलीला बस जरा."

मामा आमचे ग्रंथालय परिचर. पोरंही मामा म्हणायची, प्राचार्यही मामाच म्हणायचे. त्यांच्या टेबलाला एक लाकडी ड्रॉवर होता. त्यात विद्यार्थ्यांची कार्डं होती, पण हजेरी क्रमांकानं लावलेली नव्हती, वर्गानंही नव्हती. ती गाड्यांप्रमाणे लावलेली होती. हाडोळतीची वेगळी, किनगावची वेगळी, मुक्कामी गाडीची वेगळी. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात पेन्सिलीनं गाडीची वेळ, आणि खाली घरचं काही बारीकसं: 'आई आजारी', 'वडील पुण्याला'. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला चक्कर यावी असा तो प्रकार होता.

आणि मी तर ती पदवी घेऊनच आले होते. नांदेडहून अहमदपूरला नेमणूक झाली तेव्हा माझ्याजवळ एक सुटकेस होती आणि डोक्यात सॉफ्टवेअर. सहा महिन्यांत ग्रंथालय संगणकीकृत करून दाखवते, असं मी मुलाखतीतच सांगून बसले होते. पहिल्याच आठवड्यात मी मामांना फर्मावलं, "तो ड्रॉवर भंगारात द्या. आता सगळं इथं येणार." आणि संगणकाच्या डोक्यावर थाप मारली.

"हाव," मामा म्हणाले. होकार एवढाच.

मग बारकोड सुरू झाले. एकवीस हजार पुस्तकं, प्रत्येकावर एक लेबल. मामा लेबल चिकटवायला बसले की एखाद्या बाळाला काजळाचं बोट लावावं तसे लावायचे, आणि तेवढ्याच वेगानं. लेबलावर कॉलेजचं नाव आणि जिल्हा छापायचा होता, तिथं त्यांनी मला अडवलं.

"मॅडम, जिल्हा नका घालू."

"का?"

त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर गोल शिक्का होता, जिल्हा उस्मानाबाद. त्याच्यावर आडवा दुसरा शिक्का, जिल्हा लातूर. "मी नोकरीला लागलो त्या साली लातूर जिल्हा झाला. पैलं काम हेच केलं. सगळ्या पुस्तकांवर नवा शिक्का मारला. अंगठा सुजला होता. आता पुन्हा नवा जिल्हा होणार म्हणून राहिलेत लोकं. आपला तालुका कुठं जातो कुणाला म्हाईत? माझी नोकरी थोडी राहिली, मॅडम. पुन्हा न्हाई व्हायचं."

मी हसले, पण जिल्हा घातला नाही. आजही आमच्या बारकोडवर जिल्हा नाही.

नवीन काउंटर सुरू झाला त्या दिवशी मी रांग लावली. आधी येईल त्याला आधी पुस्तक, वशिला नाही, गाडी नाही. संगणक एकदा अडकला, वीज एकदा गेली, आणि किनगावच्या तीन पोरींची सव्वाचारची गाडी चुकली. मामा पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर त्या तिघींजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तर म्हणाले, "मशीनला गाडी म्हाईत न्हाई ना, मॅडम. त्याची काय चूक." तेव्हापासून रांग पुन्हा मामांच्या हाती गेली आणि मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पण मामांनी संगणकाशी वैर धरलं असं कुणी समजू नका. उलट त्यांना तो आवडला. स्कॅनर पुस्तकावर धरला किंवा क्रमांक हातानं टाकला की टुंग वाजायचं, आणि प्रत्येक टुंगला मामा "हाव" म्हणायचे. दिवसातून दोनशे वेळा टुंग, दोनशे वेळा हाव. वाचायला बसलेली पोरं तोंडावर वही धरून हसायची. माऊस सुरुवातीला त्यांच्या हातातून पळायचा. तोही महिनाभरात गरीब झाला.

आणि त्यांनी एक नवी प्रथा पाडली. रोज सकाळी संगणक सुरू झाला की पहिलं पुस्तक ते स्वतःच्या नावावर टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "बोहनी हाय, मॅडम. दुकान उघडल्यावर पैलं गिऱ्हाईक आपुनच व्हावं. मग दिवसभर मशीन अडत न्हाई." मला गंमत वाटली. पाहुण्यांनाही मी कौतुकानं सांगायचे की आमच्याकडे संगणकाची बोहनी होते.

ते साल कोणतं, हे तुम्हाला सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आमच्या कॉलेजच्या माठाला कुलूप होतं आणि किल्ली मामांकडे. संध्याकाळी माठाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून ते कपाटं पुसायचे, तेच फडकं कुंडीतल्या तुळशीवर पिळायचे. गावंच्या गावं रिकामी होत होती. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला. आईबापांबरोबर पोरंही गेली. सव्वाचारच्या गाडीला पूर्वी उभं राहायला जागा नसायची, आता मामा सांगायचे, "आज पाच होते."

गंमत अशी की त्याच वर्षी आमची मुदत उलटलेली पुस्तकं एकदम कमी झाली. सॉफ्टवेअरमध्ये मुदत उलटली की त्या विद्यार्थ्याच्या नावावर लाल रेघ येते. त्या रेघा सकाळच्या सकाळी कमी होत होत्या. मी नांदेडच्या एका चर्चासत्रात यावर निबंध वाचला. संगणकीकरणामुळे वाचकांना शिस्त लागते, असं माझं प्रतिपादन होतं. टाळ्याही पडल्या. आज ती प्रत हाती आली की मी उलटी करून ठेवते.

मामांच्या निवृत्तीला दीड महिना राहिला तेव्हा त्यांच्या बेबाकीचा कागद माझ्या टेबलावर आला. ग्रंथालयाचं काही देणं बाकी नाही, अशी माझी सही झाल्याशिवाय त्यांचे निवृत्तीचे कागद पुढे सरकणार नव्हते. मी त्यांचं खातं उघडलं. छत्तीस पुस्तकं. कर्मचाऱ्यांना किती पुस्तकं द्यायची आणि किती दिवस, याची मर्यादा मीच घातली नव्हती. परिचर कशाला वाचतोय, असा माझा हिशेब.

"मामा, तुम्ही सांख्यिकी वाचता?"

"न्हाई, मॅडम."

"मग ही छत्तीस पुस्तकं कुठं आहेत?"

"हायती. काही पुण्याला हायती, काही हैदराबादला हायती."

मला हसावं की ओरडावं कळेना. मग मी ओरडलेच. हा सरळ सरळ घोटाळा आहे, म्हणाले. मामा उभे होते, पेन्सिल कानावर तशीच. माझं संपल्यावर बोलले.

"लेकरांनी गाव सोडलं, परीक्षा न्हाई सोडली. पेपराच्या आदल्या दिवशी गाडीनं येतेत, हॉलतिकीट मागतेत. हापिसात नाव लाल दिसलं की हॉलतिकीट न्हाई. पुस्तक राहिलं पुण्याला, गाडी गेली, पेपर गेला. आधी मी हापिसात तोंडानं सांगायचो, आनून देईल, लिहा बेबाकी. लिहायचे. आता तोंड चालत न्हाई ना, मॅडम. मशीनला दाखवावं लागतंय."

बोहनी म्हणजे ही होती. रोज सकाळी एक लाल रेघ शोधायची, ते पुस्तक जमा दाखवायचं आणि स्वतःच्या नावावर घ्यायचं. बाकीची पुस्तकं परत आली होती, छत्तीस अजून बाहेर होती. त्या सगळ्या पोरांनी त्या वर्षी पेपर दिले. आणि मी निबंध वाचला.

तुम्ही म्हणाल, मग मी काय केलं? खरं सांगते, पहिला विचार प्राचार्यांकडे जाण्याचाच आला. स्वतःची कातडी वाचवायचा विचार नेहमी आधी येतो. पण छत्तीस पुस्तकं मिळाली तर कुणाकडेच जावं लागणार नव्हतं. अडचण अशी की कोणतं पुस्तक कुणाकडे, हे आता सॉफ्टवेअरला सांगता येत नव्हतं. त्याच्या लेखी सगळी मामांकडे होती.

"आठवतंय तुम्हाला, कुणाकडे काय आहे?"

मामांनी टेबलाखाली हात घातला आणि तो लाकडी ड्रॉवर वर काढला. भंगारात द्यायला सांगितलेला. त्यात पाण्याची बाटली आडवी ठेवलेली होती आणि तिच्या मागे सगळी कार्डं, गाडीगाडीप्रमाणे. छत्तीस कार्डांवर पुस्तकाचा क्रमांक पेन्सिलीनं लिहिलेला.

मग आम्ही दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि स्टँडवर गेलो. मामांनी प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला नावानं हाक मारली आणि त्या त्या गावची चिठ्ठी हातात दिली. गावात कुणी ना कुणी मागे राहिलेलं असतंच, ते पुण्याला निरोप देईल, असा त्यांचा हिशेब. दहा दिवस काही आलं नाही. अकराव्या दिवशी हाडोळतीच्या गाडीतून खताच्या पिशवीत गुंडाळलेली तीन पुस्तकं आली. मग येतच राहिली. एक पुस्तक पत्रावळीच्या गठ्ठ्यात बांधून आलं, एकासोबत शेंगदाण्याची चटणी आली. मामा चटणीचा वास घेऊन म्हणायचे, "ही मुक्कामी गाडीची."

निवृत्तीच्या दिवशी दुपारी पस्तीस जमा होती. एक राहिलं होतं, गणिताचं. कार्डावर लिहिलेलं होतं: सव्वाचारची, किनगाव, वडील पुण्याला.

"येईल," मामा म्हणाले. "पोरगी जबानीची पक्की हाय. मी पुण्याला जाऊन आनतो, मॅडम. कागद राहू द्या तवर."

मी संगणकासमोर बसले. कार्डावरचा क्रमांक टाकून ते पुस्तक मामांच्या नावावरून जमा दाखवलं आणि माझ्या नावावर घेतलं. टुंग वाजलं. मामा या वेळी हाव म्हणाले नाहीत.  मी बेबाकीवर सही केली तेव्हा म्हणाले, "बोहनी सकाळी करायची असती, मॅडम." आणि उपरण्यानं डोळे पुसले. मीही रडले, लपवून काय करू?

त्यानंतर ते महिन्यातून एकदा यायचे, वर्तमानपत्र वाचायला म्हणून. जाताना विचारायचे, "आलं का?" मी नाही म्हणायचे. "येईल," म्हणायचे आणि साडेपाचच्या गाडीनं गावी जायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. महिन्याची चक्कर चुकली तेव्हा मी फोन केला, मग कळलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक बाई आली. पुण्यात शाळेत गणित शिकवते म्हणाली. पिशवीतून पुस्तक काढलं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. "घरं बदलत गेलो, एका पेटीत राहून गेलं होतं. मामा कुठंयत? त्यांच्या हातात द्यायचं होतं."

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. पुस्तक मांडीवर तसंच धरून राहिली. मी पाणी आणलं. मग तिनं ते पुढे केलं आणि मी स्कॅनर धरला. टुंग वाजलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

आठ वर्षांनी माझं खातं रिकामं झालं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला. यादीत चार लाल रेघा होत्या. सगळ्यात वरचं नाव एका पोराचं होतं, आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. परीक्षा बारा दिवसांवर आली होती. दारात अजून कुणी नव्हतं. मी ते पुस्तक जमा दाखवलं, माझ्या नावावर घेतलं, आणि एका कोऱ्या कार्डावर पेन्सिलीनं त्याच्या गाडीची वेळ लिहिली.