रूथमावशीचं नाक

फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. अन्वरभाईंच्या खोलीत राहणारा केरळचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, अन्वरभाई चले गए." दोन दिवसांपूर्वी झोपेतच हृदय बंद पडलं, कागदपत्रं झाली आणि आज दुपारच्या नमाजानंतर दफनही झालं. मराठीत कळवायची माणसं मी कळवावीत, म्हणून त्याने त्यांच्या मोबाइलमधले दोन नंबर दिले. एक महाडला दिलेल्या मुलीचा, दुसरा 'सॅमसन ठाणे'. आखातातल्या, अबू हलीफाच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी ते दोन नंबर घेऊन बसून राहिले. मुलं कॅनडात, नवरा साइटवर... रडायचं तरी कुणाजवळ?

अन्वरभाई जवळच्या अहमदीतल्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन. मूळ गाव रेवदंड्याजवळ. दिवसभर पाइपांचे नकाशे काढायचे आणि आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात हौसेने व्यंगचित्रं. अंकाची संपादक मी, म्हणजे हुकूम सोडायचा मक्ता माझा. दीड वर्षांपूर्वी घरं मिळवून देणाऱ्या दलालांवर एक खुसखुशीत लेख आला. त्यांनी काढलेला दलाल मला फारच सज्जन वाटला. मी इंटरनेटवरून युरोपातल्या एका जुन्या वर्तमानपत्रातलं चित्र शोधून त्यांना पाठवलं. आकड्यासारखं नाक, जाड ओठ, पृथ्वीच्या गोलाला विळखा घालणारी बोटं. म्हटलं, "असं नाक द्या. बघताक्षणी लोभी वाटतो." त्यांनी दिलं. अंक निघाला, लोक हसले.

ते चित्र कुणाचं होतं, हे मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं सॅमसनने. हा अन्वरभाईंचा बालमित्र, कोकणातला बेने इस्राएल ज्यू, ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणतात त्यांच्यातला. अन्वरभाईंनी कौतुकाने पाठवलेला अंक बघून त्याने लिहिलं, "आमची माणसं लोभी आणि कपटी दाखवायला जुन्या पेपरांनी हेच नाक वापरलं. आमच्या घरात तुला असं नाक दिसलं होतं का?" सॅमसनची आई, रूथमावशी. तिच्या हातचा मलिदा खाऊन अन्वरभाई लहानाचे मोठे झालेले. ते हादरले. पुढचे कित्येक दिवस ती जुनी चित्रं मोबाइलवर बघत राहिले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, नाक तेच. ते इतक्यांदा छापलं गेलं होतं की ज्यू माणूस कधी न भेटलेली माझ्यासारखी पुणेकरीणसुद्धा त्याला लोभ म्हणून ओळखत होती.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "ताई, पुढच्या अंकात दोन ओली छापा. चुकलं म्हनून."

मी चहा ओतत म्हणाले, "कुणाच्या लक्षातही आलेलं नाही अन्वरभाई. इथं राहून हा विषय कशाला उकरायचा?" खरं तर कमिटी मला काय म्हणेल, याची भीती होती. शिवाय ते नाक मीच सुचवलेलं होतं. तेही मी अर्धवट बोलून दाखवलं, तर म्हणाले, "नाक तुमी सांगितलंत, पन हात माजा होता ना." चहा तसाच ठेवून उठले. पुन्हा चित्र मागायचं मला धाडस झालं नाही.

आधी मुलीला कळवलं, मग सॅमसनला फोन लावला. अन्वरभाई कसे गेले, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "दर शुक्रवारी माझ्या आईचं चित्र काढून पाठवायचा तो. पेन्सिलनं, आठवणीतनं. खाली एवढंच लिहायचा, नाक बरोबर आलं का? मी एकदाही उत्तर दिलं नाही. शेवटची चार तर... अगदी आई आहे हो."

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे त्यानं मला का नाही सांगितलं?"

तर त्या दोन ओळी आज लिहिते. ते चित्र एका समाजावर अन्याय करणारं होतं. ते नाक मी निवडलं होतं.

आता शुक्रवारी सकाळी सॅमसन मला त्यातलं एकेक चित्र पाठवतो. डोक्यावर पदर, बारीक डोळे आणि रेवदंड्यात कुणाचंही असावं तसं साधं, किंचित बसकं नाक. खाली तो काही लिहीत नाही. रागाने पाठवतो की दुसरं कुणी उरलं नाही म्हणून, मला कळत नाही. मी चित्र मोठं करून बघते आणि दर वेळी उत्तर देते, "बरोबर आलंय." ज्यांना हे ऐकायचं होतं, ते वर्षभर वाट बघून गेले.