सुलभाची मेंदी

आज रिक्षात शेजारी बसलेल्या मुलीच्या तळव्यावर मेंदी दिसली आणि मला माझ्या वर्गातली सुलभा आठवली. बहिणीचं लग्न आटोपून ती रंगलेल्या हातांनी शाळेत आली, तेव्हा मेंदीला बंदी होती म्हणून मी तिला वर्गाबाहेर काढलं. मग बाकीच्या मुलींना शिकवलं: 'हार्ड अँड फास्ट रूल' म्हणजे कधीच न बदलणारा नियम, पण इंग्रजीत बहुतेकदा 'असा काही नियम नाही' हे सांगायलाच हे शब्द वापरतात. फळ्यावर वळणदार अक्षरात वाक्यही लिहून दिलं.

तास संपवून बाहेर आले, तर सुलभा नळापाशी उभी. तळवे पार सोलवटलेले.

"बाई, दगडाने घासली, तरी जात नाही हो."

ते हात बघूनही मी म्हणाले, "घरी लिंबू चोळून बघ."