पळसाच्या पानावरचं मलम

"लांबून दाखव. तिथूनच."

वैद्यमहाराज ओट्यावर, मी खाली रस्त्यावर. मी दोन्ही हात पुढे केले. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी फुटून लाल झाली होती, पाणी सुटत होतं. त्यांना नीट दिसेना. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि तिच्या टोकानं माझा हात उचलला. इकडे वळवला, तिकडे वळवला. बाजारात वांगी उलटीपालटी करून बघतात तसा. त्याच टोकानं माझी वेणी मानेवरून बाजूला सारली. मानेवरही तेच होतं.

ओट्यावर गावातली दोन-तीन माणसं सुपारी कातरत बसली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "कोणाची व्हय हे पोट्टी?"

"डफवाल्याची," महाराज म्हणाले. "देव नदीत टाकले ना यांनी. आता मरीमाय अंगावर उठली. भोगा म्हणावं."

सगळे हसले. माझी माय शेजारी उभी होती. पदराचं टोक दातात धरून ती जमिनीकडे बघत राहिली.

ओट्याखाली एक सपाट दगड होता. महाराजांनी पळसाच्या पानावर काळं मलम काढलं, पान त्या दगडावर ठेवलं आणि मागे सरकले. मग मायनं ते उचललं. जाताना मी वळून पाहिलं. ते काठीचं टोक गोमूत्राच्या भांड्यात बुडवत होते. माझी खाज काठीला लागेल म्हणून नव्हे. खाज नसती तरी बुडवलंच असतं.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. अडाण नदी गावाला लागून. छप्पन साली बा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं घरातले सगळे देव फडक्यात बांधले आणि गाठोडं मायच्या हातात दिलं. म्हणाला, "तुह्या हातानं मांडले, तुह्याच हातानं सोडून ये." माय वस्तीतल्या बायांबरोबर नदीवर गेली आणि रिकाम्या हातानं आली. त्या दिवसापासून बानं डफही वाजवला नाही. तो भिंतीवर खुंटीला टांगलेला राहिला.

हा डफ गावाला हवा होता. आषाढातल्या आखाडीला गावातली सगळी रोगराई मरीमायच्या लाकडी गाड्यात बसवायची आणि गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही रीत. गाडा ओढायचा आमच्या वस्तीनं. पुढे डफ माझ्या बापाचा. गावाचा रोग आम्ही वाहून न्यायचा आणि गावानं मागे न बघता घरी जाऊन गोडधोड खायचं. बानं सांगून टाकलं होतं, आता आम्ही गाडा नेणार नाही. गाव तेव्हापासून डूख धरून होतं.

आणि त्याच हिवाळ्यात माझं अंग फुटलं. गावाला आयता पुरावा मिळाला.

मी शाळेत नवी, पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला दाराबाहेर पायरीवर बसवलं. म्हणाले, खरूज आहे, पोरांना लागेल. त्याच पायरीवर माझा भाऊ आधीपासून बसत होता. त्याला खरूज नव्हती.

खाज म्हणजे काय, हे ज्याला नाही त्याला सांगता येत नाही. दुखतं तेव्हा माणूस रडतो आणि लोक जवळ येतात. खाजतं तेव्हा लोक हसतात आणि लांब होतात. मी नखांनी खाजवायची, खापराच्या तुकड्यानं खाजवायची. माय माझ्या हातांना फडकी बांधायची, मी ती दातांनी सोडायची. राखेनं घासून आंघोळ घालायची बिचारी, की अंग स्वच्छ होईल. त्यानं आणखी आग व्हायची.

खोटं कशाला बोलू, महाराजांच्या मलमानं गुण आला. लावलं की आधी झोंबायचं, मग गार वाटायचं. किती दिवसांनी मी सलग झोपले. सकाळी उठले तेव्हा फडक्यावर रक्त नव्हतं. माय तर देव पावल्यासारखी करत होती. बा मात्र त्या पानाकडे संशयानं बघत होता.

"फुकट कायले दिलं त्यानं?" तो म्हणाला. "सख्ख्या भावालेही फुकट नाही देत थो."

तेव्हा मला बाचा राग आला. माझं अंग शांत झालं होतं, मला बाकी काही नको होतं.

मलम संपलं तशा आम्ही मायलेकी पुन्हा गेलो. या वेळी काठी नाही, हसणं नाही. महाराजांनी पान आधीच तयार ठेवलं होतं. आवाज गोड. मायला म्हणाले, "आखाडी जवळ आली. नवऱ्याला सांग, डफ घेऊन गाड्यापुढं हो. मरीमाय शांत झाली की पोरीचं अंग शांत होईल. तोवर मलम मी देत राहीन."

पानावर मलम बोटाला पुसण्याइतकंच होतं.

मायनं घरी येऊन ते सांगितलं. बा जेवला नाही. माझे हात हातात घेऊन बघत बसला. मलम पुरलं नाही, खाज दुप्पट जोरानं उलटली. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर बा अंगणात पाचट पेटवून बसलेला. डफ खुंटीवरून खाली आला होता. कातडं ताणावं म्हणून तो ते जाळावर शेकत होता. त्यानं बोटानं एकदा वाजवून पाहिलं.

तो आवाज ऐकला आणि मी घागर होती तिथंच खाली ठेवली. नागपूरला जाऊन ज्या माणसानं मान ताठ केली होती, त्याची मान माझ्या कोपरावरच्या चार बोटं कातडीपायी वाकणार होती. मला ते मलम हवं होतं. मला ते किती हवं आहे, हे ओट्यावरच्या माणसाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. माझी खाज हा त्यांच्या हातातला कासरा होता.

मायनंही डफ ऐकला. ती घरात गेली. जोंधळ्याच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं एक गाठ मारलेली चिंधी काढली आणि बापुढं सोडली. आत मरीमायचा टाक होता. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याएवढा.

"इले म्या नाही टाकलं," माय म्हणाली. "बाकीचे सोडले. हे माह्या मायनं देल्ली होती. हातातून सुटलीच नाही. जोंधळ्यात कोंडली म्हून पोरीच्या अंगावर उठली. माह्यानंच झालं हे." आणि ती कपाळ बडवून रडायला लागली.

बा डफ घेऊन उठला. मी त्या टाकाकडे बघत होते. मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. देवी नदीत गेलीच नव्हती. आमच्याच छपराखाली होती, आमच्याच जोंधळ्यात. मग महाराजांना नदीत बुडून कोपलेली मरीमाय कुठून दिसली?

"बा," मी म्हटलं, "महाराजले मरीमाय सगळं सांगते ना? मंग हे काहून नाही सांगतलं?"

बानं माझ्याकडे पाहिलं. मग डफ जमिनीवर पालथा ठेवला आणि पाचटावर पाणी ओतलं.

दुसऱ्या सकाळी मी मायला घेऊन ओट्यासमोर गेले. तीच माणसं, तीच सुपारी. दगडावर पान तयार होतं. महाराजांनी विचारलं, "काय म्हणतो नवरा?"

मायनं पदराचं टोक पुन्हा दातात धरलं. मी बोलले. "महाराज, आमची मरीमाय नदीत नाही गेली. घरीच होती. मायनं लपवून ठेवली होती."

मला वाटलं होतं, ते गडबडतील. निदान ठसका तरी लागेल. त्यांनी डोळाही हलवला नाही. "मग तेच ना! पूजा न करता कोंडली. म्हणूनच कोपली."

आणि ओट्यावरच्यांनी माना डोलावल्या. टाकली म्हणून कोपली, हे ज्यांनी मान डोलावून ऐकलं होतं त्यांनीच ठेवली म्हणून कोपली, हेही मान डोलावून ऐकलं. एकालाही हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांवरचं काहीतरी तिथंच गळून पडलं. या माणसांना देवीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना डफ हवा होता.

माझी मान तेव्हाही खाजत होती. हात वर नेला नाही. दगडावरचं पान उचललं, पुढं झाले आणि ते ओट्यावर ठेवलं. महाराजांच्या मांडीजवळ. माझा हात सारवलेल्या ओट्याला टेकला. सगळे विंचू निघाल्यासारखे उठले.

"आमाले नको," मी म्हटलं. "टाकली तरी कोप, ठेवली तरी कोप. मंग थो कोप देवीचा नाही. तुमचा हाय."

"सडून मरशील, पोट्टे," महाराज म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो मला. पहिल्यांदाच ते देवीआड न लपता मनातलं खरं बोलले.

त्यानंतर बा मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर मुसलमान होते, वयस्क. त्यांनी माझा हात उघड्या हातानं धरला. मी झटक्यानं मागे घेतला. बा घाबरला. नंतर कटकट नको म्हणून त्यानं आधीच सांगून टाकलं, "साहेब, आमी बौद्ध. पयले महार."

"मैंने पूछा क्या?" डॉक्टर म्हणाले आणि हात पुन्हा धरला. कोपर दाबून पाहिलं, नखं पाहिली. "खरूज नहीं है. इसब है. ये किसी को लगता नहीं. इसके पास बैठने से किसी को कुछ नहीं होता."

बानं विचारलं, पुरं जाईल का. ते म्हणाले, "नहीं. आता-जाता रहेगा." राख बंद करा, नखं कापा, आंघोळ झाली की अंग ओलं असतानाच तेल लावा, वरून हे. पांढरं मलम दिलं.

मी उभीच राहिले. आता मागतील, मला वाटत होतं. डफ मागतील, नाहीतर आणखी काही. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी त्यांच्यावरही कितीतरी दिवस विश्वास ठेवला नाही. दर खेपेला वाट बघायची. त्यांनी एवढंच मागितलं, की येताना स्वच्छ डबी आण.

अंग हळूहळू बसलं. मी शाळेत गेले आणि गुरुजींना म्हटलं, "हे लागत नाही. डॉक्टरनं सांगतलं." गुरुजी म्हणाले, "ते असू दे. तू पायरीवरच बस." म्हणजे खरूज हे नुसतं निमित्त होतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी भावाचा हात धरला आणि आत जाऊन बसले. त्यांनी छडी मारली. हातावर, तिथंच, कोवळ्या कातडीवर. मी उठले नाही.

आखाडीला गाडा देवळापाशी उभाच राहिला, आमच्यातलं कोणी गेलं नाही. शेवटी गावानंच ओढला, डफाविना, एकमेकांवर खेकसत. पाऊसपाण्याचा ताप दरसालासारखाच आला आणि त्याचं खापर आमच्यावर फुटलं. आमच्या बायांना निंदणाला बोलावणं बंद झालं. माय टाक घेऊन नदीवर गेली, मी बरोबर होते. ती मूठ मिटून पुष्कळ वेळ काठावर बसली. मी घाई केली नाही. मग तिनंच मूठ उघडली. बानं डफाचं कातडं कापून काढलं, उरलेल्या लाकडी कड्यावर माय पाण्याचं मडकं ठेवायला लागली.

माझी खाज गेलेली नाही. थंडी पडली की कोपरात आणि मानेवर परत येते. मी तेल लावते, मलम लावते, आणि फारच झालं तर खाजवते. पण औषध देणारा कोणीही असो, मी आधी त्याचा दुसरा हात बघते. त्या हातात काय आहे? कोणाची मान मागतोय? मूठ झाकलेली दिसली की मी पान तिथंच ठेवते, त्याच्याच ओट्यावर, आणि घरी येते. खाजवत येते. मान मात्र खाली घालत नाही.