कंपनीचं कुलूप आणि पाठकोरे कागद

माझी नात हिंजवडीला नोकरी करते. परवा जेवताना तिने बातमी वाचून दाखवली, की परदेशात कुठल्याशा बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरलाय. वर म्हणाली, "आजी, चांगली वस्तू विकली म्हणून शिक्षा? नको असेल त्याने घेऊ नये." मला ठसकाच लागला. हे वाक्य माझं आहे. तिच्या जन्माआधी मी ते भर सभेत उभं राहून म्हटलं होतं, आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नव्हती.

तेव्हा देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता आणि बुधवार पेठेत एका जिन्यावर माझं मराठी अक्षरजुळणीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, त्यावर मी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही. घरच्या देवघरात मला मोजे चालायचे, इथे नाही. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर गावभर एकाच कंपनीचं, कारण सगळे छापखाने त्याच कंपनीची फाइल मागत. कॉम्प्युटरच्या मागे काडेपेटीएवढं एक लॉक खोचायचं. ते असेल तरच स्वतःची फाइल उघडणार. त्या लॉकचा मला कोण अभिमान! एकदा हळदीकुंकवाला ते पर्समधून नेऊन बायकांना दाखवलंही होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी हातात घेऊन कौतुक केलं.

आमच्या अक्षरजुळणीवाल्यांच्या संघटनेचे चिटणीस शिशाचे खिळे जुळवून छापायचे तेव्हापासून या धंद्यात होते. त्यांनी सभा बोलावली. या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दिल्लीला अर्ज करायचा, कंपनीने फाइली इतरांना उघडता येतील अशा ठेवाव्यात, एवढीच मागणी. त्या सभेत मी माझं ते सोन्यासारखं वाक्य बोलले आणि सही केली नाही. चिटणीस शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे ताई. कुलूप उत्तमच आहे. फक्त घर आपलं आहे."

मी मनात म्हटलं, म्हातारा जळतोय.

त्याच वर्षी माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई काम घेऊन आल्या. त्या तांबटाच्या घरातल्या. निवृत्त झाल्यावर तांबट आळीत घरोघर जाऊन त्यांनी जुन्या कारागिरांचे शब्द टिपले होते. हातोड्यांची नावं, ठोक्यांची नावं, मठार, म्हणजे भांड्यावरची ठोक्यांची नक्षी, बिघडला की काय म्हणायचं ते. सात वह्या. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर गेलेले. मी सगळं टाइप केलं, प्रूफ काढलं, बाईंनी लाल शाईने तपासलं, मी दुरुस्त्या घातल्या. आणि मग त्या वह्यांकडे बोट दाखवून मी म्हणाले, "बाई, आता ही वाळवीची धन कशाला? कॉम्प्युटरमध्ये जन्मभर सुरक्षित." बाईंनी वह्या रद्दीत दिल्या. आयुष्यभर मला गणितात नापास करणाऱ्या बाईंनी नेमका तेव्हा माझ्यावर विश्वास टाकला.

प्रकाशक 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत राहिला. दरम्यान लॉक बिघडलं. कंपनी म्हणाली, ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. नवी घेतली. तिच्यात बाईंचं पुस्तक उघडलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. फोन केला. जुन्या फाइलींची जबाबदारी आमची नाही. मग अक्षरं आत कशी साठवलीत ते तरी सांगा, कुणी जाणकार उलगडेल. ते कंपनीचं गुपित आहे, मॅडम. अहो, गुपित तुमचं असेल, शब्द बाईंचे आहेत ना? यावर तो गृहस्थ नव्या आवृत्तीतल्या सुंदर सुंदर वेलबुट्ट्यांबद्दल सांगू लागला. मी रिसीव्हर आपटला, आणि तोही माझाच फुटला.

बाई आल्या. सवयीने चपला बाहेर काढल्या. सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "तपासलेलं प्रूफ कुठंय?"

आमच्या घरात पाठकोरा कागद टाकणं म्हणजे पाप. ते प्रूफ घरभर पसरलं होतं. मंडईच्या याद्या, मुलाची भूमिती, यजमानांची शब्दकोडी, फळीवर डब्यांखाली अंथरलेलं. महिनाभर आम्ही दोघी पानं गोळा करत होतो. एका बाजूला 'दोडका अर्धा किलो', उलटवलं की हातोड्याचं नाव. बाई एकेक यादी वाचून म्हणायच्या, "दोडका फार खाता गं तुम्ही." अकरा पानं मिळालीच नाहीत. त्यातलं थोडं बाईंना आठवलं, पण खात्रीने नाही. ते विचारायला त्या दोनदा आळीपर्यंत गेल्या आणि कोपऱ्यावरून परत आल्या. सांगणारं माणूसच नव्हतं.

पानांची शोधाशोध सुरू झाली त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी चिटणिसांकडे सही करायला गेले होते. ते म्हणाले, अर्ज कधीच गेला, आपण उशीर केलात. मग मीच दिल्लीला स्वतंत्र पत्र लिहिलं. वस्तू चांगली आहे, तक्रार वस्तूबद्दल नाहीच, दुसऱ्याचा शब्द आत कोंडून दार बंद करण्याबद्दल आहे, आणि ते करणाऱ्याला चार लोकांत बोललंच पाहिजे, कायद्यानेही विचारलंच पाहिजे. उत्तर आलं नाही. माझं मत मात्र आजही तेच आहे.

हे सगळं सांगण्याऐवजी मी उठून बाईंचं, अखेर छापून झालेलं पुस्तक आणलं आणि नातीच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने चाळलं. मध्येच कोरी पानं लागली. बाईंनी हट्टाने ती अकराच्या अकरा तशीच सोडायला लावली होती.

"आजी, हा छपाईचा दोष आहे का?"

"छे," मी म्हटलं, "चांगल्या वस्तूची करामत आहे ती. मोज, किती पानं आहेत."

तिने दोनदा मोजली.