पट्टी भरेपर्यंत कोणी बोलायचं नाही

आमच्या दुकानात एवढे किस्से जमतात त्याचं कारण एकच, भीती! स्क्रीनवर ती पट्टी भरत असते तोवर कोणी शब्द काढत नाही. भरली रे भरली की आम्ही तिघंही एकदम सुटतो. तुझं तोंड कसं झालेलं, तू टेबल कसं धरून ठेवलेलंस... असं रोज चालतं म्हटल्यावर किस्से साचणार नाहीत तर काय!

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर. मालक गायकवाड सर. आधी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये होते, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते. काउंटरवर प्रसाद, तोंडाने फटकळ. आणि आत टेबलावर मी, मनीषा. मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. सरांचं पेटंट वाक्य मात्र ठरलेलं, "घाबरायचं काय त्यात?"

घाबरायचं काय ते सांगते. मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. तिच्यात बायोस असतो, म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर आधी काय बघायचं, कुठून सुरू व्हायचं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. दहा-बारा वर्षं जुन्या बोर्डाला हार्डडिस्कच्या जागी आलेल्या हल्लीच्या त्या चपट्या एसएसडीवरून सुरू होता येत नाही, कारण तो बनला तेव्हा ती नव्हतीच. मग आम्ही बायोसमध्ये तेवढा भाग घुसवतो आणि चिप नव्याने लिहितो; किती लिहून झालं ते ती पट्टी दाखवते. लिहिताना चूक झाली किंवा मध्येच लाइट गेली, की बोर्ड मेला.

आणि गेल्या महिन्यात टिटवाळ्याच्या शोभाताईंचा बोर्ड आठ दिवस आमच्या टेबलावर होता. शोभाताई मशीनवर लग्नाच्या ब्लाउजांची एम्ब्रॉयडरी करतात, हाताखाली पाच बायका. त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, बनवणारे केव्हाच बंद पडलेले. ते त्या एकाच बोर्डाचा नंबर ओळखतं, दुसऱ्यावर उघडत नाही. बोर्ड गेला की सॉफ्टवेअर गेलं, आणि पाच बायका घरी. त्यात हार्डडिस्कचे पोर्ट दमट हवेने एकेक करून मेलेले. आता फक्त वरच्या स्लॉटमध्ये नवी एसएसडी बसत होती, आणि बोर्ड तिच्यावरून सुरू व्हायला तयार नव्हता.

आठ दिवस कोणी त्याला हात लावला नाही. नुसते बाकीचे किस्से आठवत बसलो.

*

एकदा पट्टी चालू होती. पंखा बंद, फोन बंद, आम्ही तिघं हात बांधून, मान खाली घालून कॉम्प्युटरसमोर उभे. एक गृहस्थ चार्जर घ्यायला आले. प्रसादने ओठांवर बोट ठेवलं.

गृहस्थ दचकले. हळूच चपला काढल्या, आत आले, हात जोडले, दोन मिनिटं आमच्यात उभे राहिले. मग प्रसादच्या कानाशी लागून विचारलं,

"कोण गेलं हो?"

पट्टी तेव्हा पन्नास टक्क्यांवर होती. प्रसाद म्हणाला, "अजून नक्की नाही!"

*

घोडबंदर रोडचा एक आयटीवाला. ट्रॅफिकमध्ये दोन तास सडून आलेला, बोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळलेला. घरीच लिहायला बसलेला आणि काळा स्क्रीन!

"सर, मी व्हिडिओ बघूनच केलं. तो माणूस चहा पीत पीत करत होता. सेम टू सेम केलं मी!"

सरांनी चष्मा पुसला.

"बरोबर आहे. पण व्हिडिओतला बोर्ड त्याचा होता."

त्यात ती फाइलही दुसऱ्याच मॉडेलची निघाली. सरांनी चिपच्या पायांना वायरवाला चिमटा लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून योग्य फाइल लिहिली, बोर्ड उठला. मुलगा एवढा घाबरलेला, की परत जाताना बोर्ड मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता.

*

आता माझा. हा सांगताना मला अजून कसंतरी होतं.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणारे कुलकर्णी काका, रिटायर्ड. दुकानाचा नियम असा, की लिहिण्याआधी चिमट्याने चिपमधलं जुनं वाचून ठेवायचं. तीनदा वाचायचं आणि तिन्ही प्रती जुळवायच्या. म्हणजे काही बिघडलं तर जुनं परत लिहिता येतं. मी एकदाच वाचलं. कशाला हवंय तीनदा, म्हटलं! शहाणपणा दुसरं काय!

चिमटा सैल बसलेला. लिहिलेलंही अर्धवट उतरलं आणि जपून ठेवलेली प्रतही निव्वळ कचरा निघाली. माझ्या हातातून बोर्ड गेला. काका समोर बसलेले, आणि मी भोकाड पसरलं.

काका म्हणाले, "अगं बाळ, रडायचं तर मी ना? तू निदान पाणी तरी दे मला!"

सरांनी तीन दिवस भंगारवाल्यांकडे फिरून तसलाच बोर्ड आणला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी चिपला हात लावला नाही. पंखे साफ कर, विंडोज टाक, बस्स.

*

म्हात्रेमामा, सोसायटीचे वायरमन. माणूस देवमाणूस, पण जिन्यातला एक बल्ब बदलायचा असला तरी मीटररूममध्ये जाऊन अख्ख्या विंगचा मेन खाली पाडणार. कोणाला सांगणं नाही, काही नाही!

एकदा पट्टी सत्तर टक्क्यांवर आणि खट्! आम्ही निश्चिंत, कारण सरांनी नवा कोरा यूपीएस लावलेला. यूपीएसने 'टक्' केलं, पण त्या टक् करण्याएवढ्या वेळातच तो जुना कॉम्प्युटर आडवा झाला.

प्रसाद तीरासारखा बाहेर पळाला. "मामा, काय केलंत हे!"

मामा शिडीवरून म्हणाले, "अरे, सुरक्षा नको का? शॉक लागून मेलो असतो म्हणजे?"

तो बोर्ड चिमट्यामुळे बचावला. पण त्या दिवसापासून यूपीएसच्या हिरव्या दिव्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

*

शोभाताईंच्या बोर्डाला सरांनी आधी सोपा उपाय केलेला. एक पेनड्राइव्ह कायमचा मागे खुपसून ठेवला. बोर्ड आधी त्याच्यावरून सुरू व्हायचा आणि मग त्याच्यातून एसएसडीवर जायचा. मस्त चाललेलं.

चौथ्या दिवशी फोन. "सर, बंद पडलं हो! सगळ्या जणी नुसत्या बसल्यात. नवरीकडची माणसं दारात उभी आहेत!"

प्रसाद टिटवाळ्याला गेला. मागे पेनड्राइव्हच नाही! कोपऱ्यात स्पीकरवर जोरात हळदीची गाणी लागलेली. पेनड्राइव्ह त्याच्यात.

"रिकामाच होता ना तो?" एक मावशी म्हणाल्या. "काहीतरी फालतू फाइल होत्या. आम्ही काढून टाकल्या."

मग शोभाताई स्वतःच बोर्ड घेऊन आल्या. "आता काय ते एकदाच आणि पक्कं करा," म्हणाल्या.

*

पण पक्कं करायचं तर चिप लिहायची. आणि त्या चिपचे पाय गंजलेले, चिमटा धरतच नव्हता. म्हणजे बोर्डाने चालू राहून स्वतःच स्वतःची चिप लिहायची. मध्ये काही झालं, तर बाहेरून उठवायचा मार्गच नाही.

नवव्या दिवशी सकाळी शोभाताई येऊन स्टुलावर बसल्या. सर म्हणाले, "मनीषा, तू करायचंस."

"सर, प्लीज! तुम्ही करा ना!"

"घाबरायचं काय त्यात? मी चहा घेऊन येतो."

आणि गेले की! मला इतका राग आला, की सांगता सोय नाही. माझा जीव जातोय आणि यांना चहा सुचतोय?

बसले. पेनड्राइव्हवरून बोर्ड चालू करून त्याच्याकडूनच जुनं वाचलं. तीनदा. तिन्ही प्रती जुळवल्या. चौथ्यांदा वाचलं. त्यात नवा भाग बसवला, शोभाताईंच्या बोर्डाचा नंबर जागेवर आहे का बघितलं, परत बघितलं. तास कसा गेला कळलं नाही. सरांचा पत्ता नाही.

"लिहू?" मी विचारलं.

शोभाताई म्हणाल्या, "मला विचारू नकोस गं. मी डोळे मिटलेत."

एंटर दाबलं. दहा टक्के. वीस. मागच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला, "मागे व्हा! मागे व्हा! काठी आणा!" प्रसादने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. जागचं कोणी हललं नाही. चाळीस. पंचेचाळीसला पट्टी थांबली. मला कुलकर्णी काका दिसायला लागले. मग पुढे सरकली. ऐंशी. शंभर.

बंद केलं, चालू केलं. पंखा फिरला, थांबला. परत फिरला, परत थांबला. शोभाताईंनी माझा दंड एवढा घट्ट धरला, की वळ उठले. तिसऱ्यांदा पंखा फिरला तो फिरतच राहिला. स्क्रीन उजळला. यादीत नव्या एसएसडीचं नाव! सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेला ब्लाउजवरचा मोर समोर आला.

शोभाताई रडल्या, मी रडले, प्रसादच्या डोळ्यांत म्हणे कचरा गेला. आणि मग मी सरांना सांगायला टपरीकडे पळाले. टपरीवर सर नव्हते. गर्दी मागे मीटररूमपाशी होती.

सोसायटीची वीसेक माणसं, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या झाडू. म्हात्रेमामा शिडी घेऊन लालबुंद. मला बघून सुरूच झाले, "तासापासून अडवून ठेवलंय तुझ्या सरांनी! आत साप आहे म्हणतात! मला मेनला हात लावू देत नाहीत!"

मीटररूमच्या दाराला पाठ लावून सर उभे होते. शर्ट घामाने चिंब. हातात चहाचा कप, वर साय धरलेली. समोर आकडी घेऊन आलेला सर्पमित्र वैतागलेला, "काका, दारातून सरका तरी! कुठे आहे साप?"

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं?"

"झालं, सर."

सर दारातून बाजूला झाले आणि सर्पमित्राला म्हणाले, "गेला."