स्थळपाहणी समिती जेवायला बसते

दोन जिल्ह्यांतल्या वकिलांच्या आमच्या संघाची मी अध्यक्ष झाले ती काही कर्तबगारीनं नाही. दोन गट एकमेकांचा उमेदवार पाडायला टपलेले, आणि माझ्याविरुद्ध कोणाकडे काही सापडत नव्हतं. "ताई निरुपद्रवी हाय," असा माझा प्रचार चिमूरकडच्या एका सभासदानं केला. ते ऐकून माझं डोकं असं फिरलं की अर्जच मागे घेणार होते, पण मुदत उलटून गेली होती.

अध्यक्षाला काम तसं फार नसतं. बार रूमचा कूलर दुरुस्त करून घ्यायचा, शोकसभेत दोन मिनिटं नीट मोजायची आणि परवानगी द्यायची. ही परवानगी आमच्याकडची खास चीज आहे. संघाच्या सभासदाविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं असेल तर आधी अध्यक्षाला विचारायचं. नियमावलीत हे कुठंच लिहिलेलं नाही. नियमावलीत जे लिहिलंय ते आम्ही सर्रास मोडतो, हे मात्र कोणी मोडत नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एक बाई माझ्याकडे आली. तिच्या घरची माणसं गावच्या तलावात मासे धरायची आणि ती ते टोपलीत घेऊन पहाटेच्या पहिल्या बसनं बाजाराला जायची. तलावाहून रस्त्यावर येणारी पायवाट तिच्या सासूच्या सासूपासूनची. त्या पायवाटेवर आता एका वकीलसाहेबांच्या आमराईची भिंत उभी राहिली होती. फिरून यायचं म्हणजे अर्धा तास जास्त, आणि तेवढ्यात बस निघून जाते.

"दुपारची मासोळी कोन घेते, बाई? वास सुटते तिले," ती म्हणाली.

माझ्याआधी तिनं सगळी बार रूम पालथी घातली होती. साहेबांचं नाव निघेपर्यंत प्रत्येकानं ऐकून घेतलं, आणि मग प्रत्येकाला दुसऱ्या कोर्टातली तारीख आठवली. त्यांना हसायला मला तोंड नव्हतं. ते साहेब म्हणजे माझे गुरू, आमचे सर. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. उलटतपासणीत कुठं थांबायचं ते त्यांनी शिकवलं, आणि आजही ते समोर आले की मी खुर्चीतून उठते. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटायची.

म्हणून तिची केस घ्यायला कोणाला परवानगी द्यायची सोडून मी अध्यक्ष लोक करतात तेच केलं. सभा बोलावली.

तीन तास चालली. वहिवाटीच्या हक्कावर इतकं बोलणं झालं की तेवढ्यात ती बाई दोनदा फिरून आली असती. शेवटी स्थळपाहणीसाठी पाच जणांची समिती नेमायचा ठराव झाला आणि सगळे उठले, तेवढ्यात एटापल्लीचे सभासद घामाघूम होऊन दारात. त्यांची बस वाटेत बंद पडली होती. "माह्यं मत घेतल्याशिवाय ठराव झालाच कसा?" म्हणून ते अडून बसले. त्यांनाही समितीत घेतलं तेव्हा कुठं मिटलं.

आम्ही सहा जण आमराईत पोचलो. नवी भिंत समोरच होती, गिलावासुद्धा पुरता वाळला नव्हता. पण सर आम्हाला तिच्याकडे पाहू देतील तर ना! "पाहनी होत राहीन. पहिले जेवा. ताजी मरळ सांगून ठेवली हाय," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं. आम्ही बसलोही. समितीचं पहिलं काम बसणं हेच असतं.

भात झाला, मासोळीचा पत्ता नाही. गप्पा संपल्या. तापमानावर बोलून झालं. एटापल्लीचे सभासद पहाटे उपाशी निघालेले, ते भाताच्या भरल्या गंजाकडे असे पाहत होते की मलाच कसंतरी झालं. सरांचा पारा चढत चालला.

शेवटी फाटकातून टोपली आली, आणि टोपलीखाली तीच बाई. मासे तिच्याकडूनच सांगितले होते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"काऊन वं, इतका उशीर? पाहुने उपाशी बसून राह्यले ना," सर म्हणाले.

तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "भिंतीकून फिरून आली, साहेब. पहिले इथूनच येत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. मग एटापल्लीचे सभासद भिंतीकडे बोट करून हळूच म्हणाले, "म्हंजे आपन उपाशी ते हिच्यापायी?"

तीन तासांच्या सभेत जे कोणाला पटलं नव्हतं ते समितीला एका मिनिटात पटलं. जेवून हात धुताना सर मला म्हणाले, "भिंतीले दार काढून देतो. लिहून घे." मी लिहून घेतलं. पुढच्या सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला, आणि मी तो जरा लाजत पण पुरता ऐकून घेतला.

बाई आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला दाराची बातमी दिली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कडी कोन्या बाजूनं राहीन, बाई?"

मी कागद पाहिला. कडीबद्दल एक अक्षर नव्हतं.

"त्यायच्याच बाजूनं राहीन नं," ती म्हणाली. "मंग साहेब उठतपर्यंत मी टोपली घेऊन उभी."

इतकी वर्षं करारनामे लिहिले मी. अशी शरम वाटली की सांगायची सोय नाही.

सरांविरुद्ध वकीलपत्र घ्यायची परवानगी मी जाहीर केली. पुढं कोणीच आलं नाही. मग मीच अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला, अध्यक्ष म्हणून मीच तो मंजूर केला, आणि वकीलपत्रावर तिची सही घेतली. नोटीस पोस्टानं पाठवायचं जिवावर आलं, म्हणून स्वतः घेऊन गेले.

सरांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचली. कडीच्या परिच्छेदाशी थांबले. तो पुन्हा वाचला. मग फोन काढून गवंड्याला म्हणाले, "दार नको बसवू. वाटेवरची तेवढी भिंतच पाड."

मी जायला वळले तर त्यांनी हाक मारली. "हे कडीचं तुले सुचलं का?"

"नाई सर. तिले."

"वाटलंच मले," ते म्हणाले आणि नोटीस घडी करून खिशात ठेवली.